पदवी मोठी, काम छोटे : परदेशी गेलेल्या सुशिक्षितांची अर्धबेकारी



गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या भागातून परदेशी जाणाऱ्यांचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. पूर्वी आपली माणसे बोटीवर जात, आखातात जात. कामाचा करार हातात असे, पगार ठरलेला असे आणि मुदत संपली की माणूस घरी परत येई. आता इंजिनिअर, नर्स, फार्मासिस्ट, अकाउंटंट, शिक्षिका झालेली आपली मुले-मुली बायको-नवरा व लेकरांसह कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत जातात. हाती व्हिसा असतो, परंतु नोकरी असतेच असे नाही.

"मुलगा कॅनडाला असतो" असे आपण अभिमानाने सांगतो आणि तो अभिमान योग्यच आहे. पण तो तिथे नक्की काय काम करतो, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही आणि विचारला तर उत्तर मोघम मिळते. या मोघम उत्तरामागे अनेकदा मोठे दुःख लपलेले असते. शिकलेला माणूस परदेशात त्याच्या शिक्षणाच्या मानाने फार खालचे काम का करतो, त्यात कोणाचे किती नुकसान होते आणि जाण्याआधी आपण कोणती काळजी घ्यावी, याचा अभ्यास या लेखात आपण करणार आहोत.

१. बेकारी आणि अर्धबेकारी

ज्याला कामच नाही तो बेकार, हे आपण जाणतो. अर्थशास्त्रात अर्धबेकारी नावाचीही एक संज्ञा आहे. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात माणसाला पुरेसे तास काम मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात काम पूर्ण वेळ मिळते, मात्र ते त्याच्या शिक्षणाशी व अनुभवाशी जुळत नाही. इंजिनिअर गोदामात खोकी उचलतो, डॉक्टर टॅक्सी चालवतो, नर्स वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राबते. सरकारी नोंदीत ही सर्व माणसे 'नोकरीला आहेत' अशीच मोजली जातात. बेकारीच्या आकड्यात ती दिसत नाहीत, म्हणून हा प्रश्न सहजासहजी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खोकी उचलणे किंवा टॅक्सी चालवणे यात कमीपणा मुळीच नाही. घामाने मिळवलेली भाकर पवित्रच असते. प्रश्न कामाच्या प्रतिष्ठेचा नाही. पंधरा-सतरा वर्षे शिकून जे कौशल्य माणसाने कमावले, ज्याची समाजाला गरजही आहे, ते न वापरता गंजून जावे, हा खरा प्रश्न आहे.

२. कॅनडाचे उदाहरण : तीन दारे

कॅनडाचे उदाहरण आपण घेऊ या, कारण आपल्यापैकी अनेकांचा त्या देशाशी संबंध आहे. कॅनडाने १९६७ साली गुणांकन पद्धत सुरू केली. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण द्यायचे आणि ज्याचे गुण जास्त त्याला प्रवेश द्यायचा, अशी ही पद्धत. वंश किंवा वर्ण न पाहता गुणवत्ता पाहणारी म्हणून तिचा गौरव झाला. २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' या संगणकीय पद्धतीने हेच काम चालते. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडाच्या लोकसंख्येत २३ टक्के लोक स्थलांतरित होते. म्हणजे शिकलेली माणसे निवडून बोलावण्यात या देशाचा मोठा अनुभव आहे.

असे असूनही त्याच जनगणनेत असे दिसले की, परदेशी पदवी घेऊन आलेल्या स्थलांतरितांपैकी चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक लोक, ज्याला फार तर बारावीपर्यंतचे शिक्षण पुरते, अशा कामांत होते. कॅनडातच पदवी घेतलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीच्या घरात आहे. परदेशात वैद्यकशास्त्र शिकून आलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्केच लोक डॉक्टरकीत किंवा तिच्याशी निगडित व्यवसायात होते. कॅनडात शिकलेल्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे ९० टक्के होते. नर्सिंगमध्येही अशीच दरी आहे. त्यापूर्वी, २००६ च्या जनगणनेच्या आधारे २०१२ मध्ये टॅक्सीचालकांचा एक सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देशातील दर दोन टॅक्सीचालकांमागे एक स्थलांतरित असल्याचे आढळले आणि त्या स्थलांतरितांमध्ये सुमारे २०० जण डॉक्टरेट किंवा वैद्यकीय पदवी घेतलेले होते.

निवडून आणलेल्या माणसांची अशी गत का व्हावी? याचे मूळ समजून घेण्यासाठी तीन वेगवेगळी दारे डोळ्यांसमोर आणावीत.

पहिले दार व्हिसाचे. ते केंद्र सरकार उघडते. तिथे पदवीला गुण मिळतात. २०१३ पासून परदेशी पदवी कॅनडाच्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची आहे, याचा दाखलाही आधी घ्यावा लागतो. आपल्या अनेक मुलांची फसगत येथेच होते. 'तुमची पदवी कॅनडाच्या पदवीइतकी आहे' असा दाखला हाती आला की आता काम झाले, असे त्यांना वाटते. वास्तविक तो दाखला केवळ पहिल्या दारासाठी असतो.

दुसरे दार परवान्याचे. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, इंजिनिअर, शिक्षक, वकील, इतकेच काय तर इलेक्ट्रिशियनसारख्या कामांनाही तिथे परवाना लागतो. हा परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक प्रांतातील त्या त्या व्यवसायाची नियामक संस्था तो देते. तिचे नियम वेगळे, परीक्षा वेगळ्या, शुल्क वेगळे. डॉक्टरला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही बहुधा रुग्णालयात निवासी प्रशिक्षणाची जागा मिळवावी लागते आणि परदेशात शिकलेल्यांसाठी अशा जागा मोजक्याच असतात. परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही जागेअभावी वर्षानुवर्षे थांबलेले डॉक्टर तिथे आहेत.

तिसरे दार नोकरी देणाऱ्याचे. संगणक, हिशेब, विक्री, व्यवस्थापन अशा क्षेत्रांतील कित्येक कामांना परवाना लागत नाही. पण तिथे मालकाचा विश्वास लागतो. मुंबई विद्यापीठाची पदवी म्हणजे काय, ठाण्याच्या कंपनीतील दहा वर्षांचा अनुभव म्हणजे काय, हे टोरांटोतील छोट्या कारखानदाराला कसे कळावे? तो जोखीम टाळतो आणि विचारतो, "कॅनडातील अनुभव आहे का?" नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे तो कुठून असणार? नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशी ही अवस्था.

३. यामागची कारणे

सगळा दोष एकाच गोष्टीला देणे न्यायाचे होणार नाही. नियामक संस्था परीक्षा घेतात त्या लोकांच्या सुरक्षेसाठी. पूल कोसळू नये, रुग्णाला चुकीचे औषध मिळू नये, ही काळजी रास्त आहे. भाषेचाही प्रश्न असतो. इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण होणे वेगळे आणि घाबरलेल्या रुग्णाशी किंवा बांधकामावरील मुकादमाशी त्याच्या बोलण्यात बोलणे वेगळे. ओळखीपाळखीही नसतात. आपल्याकडे नोकरीची खबर नातलग, शेजारी, जुने वर्गमित्र यांच्याकडून कळते. परक्या गावात हे जाळे शून्यातून विणावे लागते.

तथापि सगळेच अडथळे असे रास्त नसतात. टोरांटो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी सुमारे तेरा हजार अर्ज नोकरीसाठी पाठवून एक प्रयोग केला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शिक्षण कॅनडाचे, अनुभवही कॅनडाचा, फरक फक्त नावाचा. इंग्रजी वळणाचे नाव असलेल्या अर्जांना भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी नावांच्या अर्जांपेक्षा मुलाखतीची बोलावणी लक्षणीयरीत्या अधिक आली. अनुभव परदेशातील दाखवला तेव्हा बोलावणी आणखी घटली. म्हणजे माणसाची पात्रता पाहण्याआधीच दार लावून घेतले जाते, हे येथे प्रयोगाने सिद्ध झाले.

यात काळाचा मारही असतो. कौशल्य वापरात नसेल तर ते मंदावते. पाच वर्षे गोदामात काढलेल्या इंजिनिअरला पुढचा मालक विचारतो, "गेली पाच वर्षे तुम्ही काय केले?" पाच वर्षे रुग्ण न तपासलेल्या डॉक्टरला नियामक संस्था अलीकडच्या सरावाचा पुरावा मागते. पोटासाठी धरलेले तात्पुरते काम असे हळूहळू कायमचे होऊन बसते.

४. अमेरिकेतील चित्र

अमेरिकेत हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात दिसतो. तिथे आपल्याकडील बरेच जण एच-१बी व्हिसावर जातात. या व्हिसासाठी अर्ज मालक करतो. म्हणजे नोकरी आधी, प्रवेश नंतर. शिवाय संगणक क्षेत्रात परवान्याची भानगड नसते. म्हणून अमेरिकेतील भारतीय पदवीधर एकंदरीत आपल्या शिक्षणाला साजेशा कामात आढळतात. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही, सारख्याच पदवीच्या माणसांना कोणत्या देशातून आले त्यानुसार अमेरिकेत फार वेगवेगळी कामे मिळतात, असे दाखवले होते. लॅटिन अमेरिका व पूर्व युरोपातील अनेक देशांच्या पदवीधरांची स्थिती त्यात बिकट होती.

असे असले तरी आपल्याच कुटुंबांतील एक वर्ग मागे राहिला. एच-१बीवर गेलेल्या नवऱ्यासोबत एच-४ व्हिसावर गेलेल्या पत्नीला, ती इंजिनिअर असो वा डॉक्टर, काम करण्याची परवानगीच नव्हती. मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचे ग्रीनकार्ड प्रक्रियेत विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचले आहे, अशांना ती मिळू लागली. सर्वांना आजही मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या कित्येक उच्चशिक्षित मुलींची उमेदीची वर्षे अशी चार भिंतींत गेली आहेत.

५. नुकसान कोणाचे?

अ) कुटुंबाचे. उदाहरणादाखल एक हिशेब मांडू या. समजा, एका इंजिनिअरला त्याच्या कामात वर्षाला ८०,००० डॉलर मिळाले असते, पण गोदामात त्याला ४०,००० मिळतात. वर्षाचा तोटा ४०,०००, पाच वर्षांचा २,००,००० डॉलर. एवढ्या रकमेत गावचे कर्ज फिटले असते, घराची पहिली रक्कम भरता आली असती, आईवडिलांच्या आजारपणाची सोय झाली असती. शिवाय परवान्याच्या परीक्षांची शुल्के व शिकवण्या याच तुटपुंज्या कमाईतून भराव्या लागतात. पैशात न मोजता येणारा तोटा वेगळाच. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा बाप, नवऱ्याच्या उलट पाळीला काम करणारी आई, फोनवर गावच्या मंडळींना खरे न सांगता येण्याची घुसमट. यातून चिडचिड, व्यसन, नैराश्य आणि घरात ताटातूटही होते.

ब) ज्या देशात गेले त्या देशाचे. वरच्याच हिशेबात, त्या जादा ४०,००० डॉलरमधील चौथा हिस्सा कराच्या रूपाने सरकारला मिळाला असता असे धरले, तर एका माणसामागे वर्षाला १०,००० डॉलर सरकारी तिजोरीतून गेले. अमेरिकेतील 'मायग्रेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट' या संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये असा हिशेब सबंध देशासाठी मांडला. त्यांना आढळले की, अमेरिकेत पदवीधर स्थलांतरितांपैकी जवळजवळ २० लाख लोक, म्हणजे दर चौघांत एक, बेकार होते किंवा अत्यंत कमी कौशल्याच्या कामात होते. कमी दर्जाच्या कामामुळे त्यांचे वर्षाला ३९.४ अब्ज डॉलरचे वेतन बुडत होते आणि त्यावरील १०.२ अब्ज डॉलरचा कर सरकारला मिळत नव्हता. परदेशात शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण २९ टक्के होते, तर अमेरिकेतच पदवी घेतलेल्या स्थलांतरितांमध्ये २१ टक्के. कॅनडात रॉयल बँक ऑफ कॅनडाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये अंदाज केला की, स्थलांतरित आणि तिथे जन्मलेले यांच्या कमाईतील व रोजगारातील दरी बुजली, तर देशाच्या उत्पन्नात वर्षाला ५० अब्ज डॉलरपर्यंत भर पडेल.

यात पैशापलीकडचे नुकसानही आहे. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा कॅनडातील रुग्णालये व वृद्धाश्रम मनुष्यबळाअभावी मेटाकुटीला आले होते. त्याच वेळी परवाना नसलेल्या परदेशी नर्स व डॉक्टर त्याच शहरांत दुसरी कामे करीत होते. घरात औषध असून रोग्याला मिळत नाही, अशातली ही गोष्ट झाली.

क) ज्या देशातून गेले त्या देशाचे. आपल्या सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर किंवा इंजिनिअर घडवण्यासाठी समाजाचा पैसा खर्च होतो. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात असे सुचवले होते की, शिकलेली माणसे श्रीमंत देशांत जातात तेव्हा त्यांच्या तिथल्या कमाईवर थोडा कर लावावा आणि तो पैसा गरीब देशांच्या विकासासाठी वापरावा. ती सूचना अमलात आली नाही. त्या काळी चिंता होती बुद्धी बाहेर जाण्याची. येथे मात्र त्याहून वाईट घडते. आपल्या विहिरीचे पाणी शेजाऱ्याच्या वाडीला गेले तर आपली वाडी सुकते, पण निदान त्याची केळी तरी पिकतात. तेच पाणी वाटेवर पाटातच जिरले तर दोन्ही वाड्या कोरड्या. माणूस येथूनही गेला आणि तिथेही त्याच्या विद्येचा उपयोग झाला नाही, तर कोणाचेच भले होत नाही.

परदेशातून येणारा पैसा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०२२ मध्ये भारतात आलेल्या अशा रकमेने १०० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. पण जो माणूस आपल्या योग्यतेच्या कामात असतो, तो घरीही अधिक पाठवू शकतो.

६. बदल होत आहेत

चित्र सगळेच निराशेचे नाही. ओंटारियो प्रांताने २००६ मध्ये कायदा करून नियामक संस्थांनी परदेशी पदवीधरांचे अर्ज पारदर्शकपणे व न्याय्य रीतीने हाताळावेत, असे बंधन घातले. २०२१ च्या कायद्याने आरोग्य क्षेत्र वगळता इतर नियंत्रित व्यवसायांत 'कॅनडातील अनुभव' ही अट दूर करण्याचा मार्ग खुला केला. त्यानुसार मे २०२३ मध्ये तिथल्या इंजिनिअरांच्या नियामक संस्थेने परवान्यासाठीची एक वर्षाच्या कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली. १ जानेवारी २०२६ पासून ओंटारियोत पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीतही ही अट घालता येत नाही. वर सांगितलेले कोडे निदान कागदावर तरी सुटू लागले आहे.

सेवाभावी संस्थाही कामाला लागल्या आहेत. टोरांटोत २००३ मध्ये स्थापन झालेल्या एका परिषदेने नवागतांची त्याच व्यवसायातील अनुभवी माणसाशी जोडी लावून द्यायला सुरुवात केली. कॅलगरी येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या एका संस्थेकडून परवान्याच्या परीक्षा व अभ्यासक्रमांसाठी १५,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळते. बँक ज्याला उभी करीत नाही त्याला ही मदत मोलाची ठरते.

जर्मनीने १ एप्रिल २०१२ पासून लागू केलेल्या कायद्याने, कोणत्याही देशाच्या नागरिकाला आपले परदेशी व्यावसायिक शिक्षण तपासून घेण्याचा हक्क दिला. कमी काय पडते ते लेखी सांगितले जाते आणि तेवढेच शिक्षण पुरे करता येते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा ही माहिती आपल्या तरुणांच्या उपयोगाची आहे. मात्र तिथे जर्मन भाषेला पर्याय नाही.

दुसरीकडे, दारे अरुंदही होत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचे कायम वास्तव्याचे उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणल्याचे घोषित झाले. 'आधी विद्यार्थी म्हणून जाऊ, मग राहू' हा हिशेब आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. म्हणून जाण्याआधीचा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो.

७. जाण्याआधी काय करावे?

१) आपल्या व्यवसायाला तिथे परवाना लागतो का, कोणत्या प्रांतात कोणती संस्था तो देते, किती वर्षे व किती खर्च लागतो, हे आधी शोधावे. एजंटला न विचारता त्या नियामक संस्थेलाच लिहून विचारावे. प्रांताची निवड नातलग कुठे आहेत एवढ्यावरून करू नये.

२) कागदपत्रे येथूनच पाठवावीत. विद्यापीठाचे गुणपत्रक थेट तिकडे जावे लागते. नर्सला नर्सिंग कौन्सिलची आणि डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची पडताळणी लागते. तिथे गेल्यावर येथील कार्यालयांच्या खेपा कोण घालणार? म्हाताऱ्या आईवडिलांना त्या घालाव्या लागतात.

३) ज्या परीक्षा भारतातून देता येतात त्या येथेच द्याव्यात. येथे नोकरी व घर असताना अभ्यास होतो, तो तिथे रात्रपाळी करून होत नाही.

४) व्हिसासाठी दाखवावी लागणारी रक्कम ही किमान असते. परवाना मिळेपर्यंतचे एक वर्ष तरी निभावेल, एवढी तयारी ठेवावी. दागिने व जमीन विकून जाणाऱ्याला वाट पाहण्याची मुभा राहत नाही. तो मिळेल ते काम धरतो आणि तिथेच अडकतो.

५) नोकरीचे पत्र विकणाऱ्यांपासून सावध राहावे. कॅनडात सल्ला देण्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकार केवळ परवानाधारक सल्लागार व वकील यांनाच आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी आवश्यक असते. ती पाहिल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

६) पोटापुरते काम धरावे लागले तर त्याला मुदत घालावी आणि शक्यतो आपल्या क्षेत्राच्या जवळचे काम शोधावे. नर्सने रुग्णसेवेचे, इंजिनिअरने नकाशे काढण्याचे, अकाउंटंटने हिशेबलेखनाचे. त्यामुळे हात सुटत नाही आणि ओळखी वाढतात.

७) नवराबायको दोघेही शिकलेली असतील तर पाळीने पुढे जाण्याचे आधीच ठरवावे. एकाने घर चालवावे, दुसऱ्याने परवाना मिळवावा, मग उलट. बहुतेक घरांत पत्नीची पदवी कायमची बाजूला पडते. तिने शिक्षणासाठी घेतलेले कष्ट कमी नव्हते, हे विसरू नये.

८. आपली जबाबदारी

स्थलांतराविषयी ख्रिस्तसभेची शिकवण या प्रश्नाला थेट स्पर्श करते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झर्चेन्स' हे मानवी श्रमाविषयीचे परिपत्रक काढले. त्यात माणसाला चांगल्या जीवनाच्या शोधात आपला देश सोडण्याचा अधिकार आहे, असे ते मानतात. माणूस गेल्याने मूळ समाजाची हानी होते, हेही ते नमूद करतात आणि स्थलांतरित कामगाराला कामाच्या हक्कांत स्थानिकांपेक्षा कमी लेखू नये, असा आग्रह धरतात. प्रभू येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही दिवस कलेपर्यंत बाजारात उभी राहिलेली माणसे आळशी नव्हती. त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. आपल्या परदेशस्थ भावंडांकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

यासाठी आपल्या बोलण्यात बदल व्हायला हवा. सुट्टीवर आलेल्या मुलाला "पगार किती? घर घेतले का?" असे चारचौघांत विचारले की त्याला खोटे बोलणे भाग पडते. मग ते खोटे ऐकून शेजारचा मुलगा कर्ज काढून निघतो. जे जाऊन आले किंवा तिथे आहेत, त्यांनी आपला खरा अनुभव तरुणांना सांगितला तर अनेक घरांचे नुकसान टळेल. त्यांना तो सांगता यावा, इतका मोकळेपणा व आदर आपण त्यांना दिला पाहिजे.

आणि शेवटी आपल्या दाराकडेही पाहू या. आपल्या स्टेशनबाहेर रिक्षा चालवणारा, दारात पार्सल आणून देणारा, सोसायटीच्या फाटकावर रात्रभर बसणारा परप्रांतीय तरुण कदाचित पदवीधर असेल. टोरांटोत आपल्या मुलाच्या शिक्षणाची विचारपूस कोणी करावी, अशी आपली इच्छा असेल, तर येथे त्या तरुणाला "तू काय शिकलास?" एवढे विचारण्यापासून आपण सुरुवात करू शकतो.

लहान ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या समूहातील किती कुटुंबांतील मुले-मुली परदेशी आहेत? त्यांना तिथे आपल्या शिक्षणाला साजेसे काम मिळाले आहे का? नसल्यास कोणत्या दारापाशी ती अडली आहेत?

२) आपल्या घरातून कोणी जाण्याच्या तयारीत असेल तर वरील सात मुद्द्यांपैकी कोणते पुरे झाले आहेत व कोणते राहिले आहेत?

३) परदेशातून अपयशी म्हणून परत आलेल्या व्यक्तीशी आपला समाज कसा वागतो? त्यात काय बदलायला हवे?

४) आपल्या धर्मग्रामातील अनुभवी नर्स, इंजिनिअर, अकाउंटंट मंडळी जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना महिन्यातून एक संध्याकाळ देऊ शकतील का?